खाती अनेक, अनुदानाची वाट एक

जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात आज एकाच माणसाच्या नावाची दोन-तीन पासबुके असणे ही सर्वसाधारण बाब झाली आहे. पीककर्जासाठी सहकारी किंवा ग्रामीण बँकेत काढलेले एक खाते, २०१४ साली सुरू झालेल्या जनधन योजनेतले दुसरे आणि २०१८ पासून टपाल खात्यामार्फत चालणाऱ्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे तिसरे, अशी ही खाती वेगवेगळ्या निमित्तांनी उघडली जातात. केवायसीच्या वेळी प्रत्येक बँक आधार कार्डाची प्रत घेत असल्यामुळे सगळीच खाती ‘आधारला लिंक’ आहेत, असे खातेदार समजून चालतो. पी.एम. किसानचा दोन हजार रुपयांचा हप्ता मात्र त्यांपैकी एकाच खात्यावर पडतो, आणि तो कोणत्या खात्यावर पडणार हे ठरवणारी यंत्रणा बहुतेकांच्या नजरेआड राहते.

सरकारी अनुदान लाभार्थ्याच्या खात्यावर थेट जमा करण्याच्या पद्धतीस थेट लाभ हस्तांतरण म्हणतात. देशात ती १ जानेवारी २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिचा पाया असलेल्या आधार क्रमांकाचे पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाले होते. बारा अंकी आधार क्रमांकाची बँकेशी सांगड घालणारी नोंदवही भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजेच एनपीसीआय, सांभाळते. तिला ‘मॅपर’ असे नाव आहे. या नोंदवहीत खाते क्रमांक नसतो. आधार क्रमांकासमोर केवळ बँक ओळखणारा सहा अंकी संकेतांक असतो, आणि एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकाच बँकेचा संकेतांक राहू शकतो. हप्ता निघाला की मॅपर बँक दाखवतो, आणि रक्कम कोणत्या खात्यावर जमा करायची हे ती बँक आपल्याकडील नोंदीवरून ठरवते.

येथे दोन निरनिराळ्या गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. खातेदाराची ओळख पटवण्यासाठी बँकेने आधार क्रमांक नोंदवून घेणे ही एक गोष्ट, आणि त्याच्या संमतीने तो क्रमांक मॅपरमध्ये आपल्या नावावर चढवणे, ज्याला ‘आधार सीडिंग’ म्हणतात, ही दुसरी. पहिली जोडणी कितीही बँकांशी असू शकते, तर दुसरी एकाच बँकेशी असते आणि नवी नोंद झाली की जुनी आपोआप मागे पडते. त्यामुळे अंबड किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने नवे खाते उघडताना अनुदानाच्या संमतीच्या चौकटीत न वाचताच खूण केली, तर पुढचा हप्ता नव्या बँकेत जातो आणि तो मात्र जुने पासबुक भरून घेण्यासाठी हेलपाटे घालत राहतो. पैसा बुडालेला नसतो; त्याची वाट बदललेली असते.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. निजामाच्या काळात, १९४१ साली स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेचे, म्हणजेच नंतरच्या स्टेट बँक ऑफ हैदराबादचे, १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीनीकरण झाले. ज्यांची दोन्हीकडे खाती होती त्यांची एकाच बँकेत दोन खाती झाली. अशा वेळी मॅपर फक्त बँकेपर्यंत पोहोचवतो, पुढची निवड बँकेतील नोंदीवर अवलंबून राहते; म्हणून चौकशी शाखेतच करावी लागते.

अनेक खाती एकत्र जोडणाऱ्या इतर प्रणालींतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. यूपीआयच्या एकाच ॲपला अनेक बँका जोडता येतात, परंतु येणाऱ्या पैशासाठी त्यांतले एक खाते मुख्य म्हणून निवडावे लागते. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली नियम घालून दिलेली आणि २०२१ मध्ये प्रत्यक्षात आलेली ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्था निरनिराळ्या खात्यांची माहिती कर्ज देणाऱ्या संस्थेपर्यंत पोहोचवते. तेथे कोणत्या खात्याची, कशासाठी आणि किती काळ माहिती द्यायची हे खातेदार ठरवतो व दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. खाती अनेक असण्यात दोष नाही. कोणती जोडणी कोणत्या कामाची आहे, हे खातेदाराला माहीत नसण्यात खरी अडचण आहे.

ही माहिती मिळवणे अवघड नाही. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की सध्या सीडिंग असलेल्या बँकेचे नाव दिसते, आणि मोबाइल हाताळता न येणाऱ्यांना बँकेच्या शाखेत विचारता येते. सीडिंग असलेले खाते बंद करण्यापूर्वी दुसऱ्या बँकेत संमतीपत्र देऊन नोंद हलवून घ्यावी, आणि घरातील प्रत्येकाचे अनुदान कोणत्या खात्यावर येते ते पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. सीडिंग बदलण्याच्या संमतीपत्रात आधीच्या बँकेचे नाव विचारलेले असते. ती ओळ कोरी न सोडता, विचार करून आणि स्वतःच्या हाताने भरली जाणे, ही आपल्या पैशाची वाट आपण ठरवण्याची पहिली खूण आहे.