खाडीची रेषा खरी, ढगांचा रंग फसवा

शीव स्थानकाच्या पूर्वेला टेकडीवर जो पडका किल्ला आहे, तिथून जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९१-९२च्या सुमारास मुंबईचे काही देखावे टिपले. मुंबई बेट तेव्हा इथेच संपायचं. पुढे खाडी आणि खाडीपल्याड साष्टी, म्हणजे आजचे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. इंग्रजांनी मराठ्यांकडून साष्टी घेतली ती १७७४च्या अखेरीस, आणि मुंबई साष्टीला जोडणारा शीवचा बांध पुरा व्हायला १८०३ साल उजाडलं. ही चित्रं त्या बांधाआधीच्या मुंबईची आहेत, म्हणून किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांना ती फार मोलाची.

मात्र त्यांतल्या रेषेवर जितका भरवसा ठेवावा, तितका रंगावर ठेवू नये.

रेषेमागे त्या काळाची शिस्त होती. कॅमेरा नव्हता, त्यामुळे डोंगराची धार, खाडीचं वळण, नाव लागेल असा किनारा कागदावर उतरवणं हे फौजेचंच काम होतं. वूलिचच्या लष्करी अकादमीत १७६८पासून पॉल सँडबी हा नामांकित जलरंगकार कॅडेटांना चित्रकला शिकवत असे. वेल्स स्वतः शिपाई नव्हता. पण पुढे मुंबईच्या फौजेतल्या रॉबर्ट ग्रिंडलेने पश्चिम भारताची दृश्यं काढली आणि १८२६पासून ती छापून प्रसिद्ध केली.

रंगाची गोष्ट वेगळी. ढगांचा करडा रंग साधायला तेव्हाचे चित्रकार अनेकदा निळीत तांबडी माती मिसळत. उजेड आणि हवेतला प्राणवायू मिळून निळीचा रेणू मधोमध तोडतात आणि निळा रंग कायमचा जातो. तांबडी माती म्हणजे लोहाचं ऑक्साइड. तिला ऊन काही करत नाही. मग भर पावसाळ्यातला ढग गुलाबी दिसू लागतो आणि पाहणाऱ्याला संध्याकाळ वाटते! रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी जलरंग उन्हात ठेवून तपासले आणि १८८८मध्ये अहवाल दिला, तेव्हा कुठे जलरंग उजेडाने उडतात का हा वाद प्रयोगाच्या पातळीवर आला. प्रशियन ब्लू त्या मानाने चिवट. उजेडात फिका पडला तरी अंधारात हवा लागली की बराचसा परततो.

वेल्सच्या देखाव्यांत आणखी एक अडचण आहे. कान्हेरीच्या लेण्यांची चित्रं काढण्याच्या कामात असताना तापाने तो १७९५मध्ये साष्टीतच वारला. बारा देखाव्यांचा संच लंडनमध्ये निघाला १८००मध्ये, आणि त्यातल्या प्रती हाताने रंगवलेल्या. आकाश कुठल्या निळ्याचं, हे रंगवणाऱ्याच्या हातावर ठरलं.

संग्रहालयं जलरंगांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात आणि मधूनमधून चित्र अंधारात विसावू देतात. आपल्याकडे दुसरा शत्रू पावसाळा. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर बुरशी धरते, आणि जुलैत मुंबईची हवा बहुधा ८०च्या पुढेच असते. घरात जुनं चित्र असेल तर खिडकीसमोर लावू नका, ओल येणारी बाहेरची भिंत टाळा, आणि फ्रेममागे हवा खेळायला बोटभर जागा सोडा.