आमच्या शाळेचा प्रिंटर आणि त्याचा घर नंबर



आमच्या शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडला. प्रिंटर चांगला होता, पण कागद छापता येईना. मग गुरुजी म्हणाले, "वर्गातल्या जुन्या कॉम्प्युटरलाच प्रिंटर जोडू." तो कसा जोडला ते मी सांगते.

आमचा प्रिंटर नेटवर्कचा आहे. त्याची वायर कॉम्प्युटरला नाही, राऊटर नावाच्या डबीला लागते. राऊटर म्हणजे पोस्टमन समजा. जुन्या कॉम्प्युटरला वायफाय नाही, म्हणून गुरुजींनी त्याचीही वायर राऊटरलाच लावली.

राऊटर प्रत्येकाला एक नंबर देतो. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर 'नेटवर्क' मध्ये गेलं की तो दिसतो. आमचा होता १९२.१६८.१.५. मी तो वहीत लिहून घेतला. पहिले तीन आकडे म्हणजे जणू गाव, ते आमच्या शाळेत सगळ्यांचे सारखेच. शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर, तो प्रत्येकाचा वेगळा.

आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे. २०२० सालापासून कंपनी तिची देखभाल करत नाही, म्हणून गुरुजी त्यावर बँकेचे काम करत नाहीत. गुरुजींनी 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स' उघडून 'ॲड अ प्रिंटर' दाबले. मग 'लोकल प्रिंटर', मग 'क्रिएट अ न्यू पोर्ट', आणि त्यात 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडले. मला वाटलं, लोकल दाबलं म्हणजे चुकलं! पण पत्ता हाताने लिहायची वाट तिथूनच आहे. नंबर इंग्रजी आकड्यांत लिहायचा आणि मधले टिंब विसरायचे नाहीत.

नंतर ड्रायव्हर लागतो. हा गाडीचा ड्रायव्हर नव्हे. कॉम्प्युटरचे बोलणे प्रिंटरला समजावतो तो दुभाषा. पहिला ड्रायव्हर चाललाच नाही, कारण तो ६४ बिटचा आणि आमचा कॉम्प्युटर ३२ बिटचा. मग गुरुजींनी ३२ बिटचा घातला. टेस्ट पेज बाहेर आलं तेव्हा आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी गावातली लाईट गेली. सोमवारी माझी आई खुरपणीचा खाडा करून माझा बोनाफाईड दाखला न्यायला आली. पण कागद येईना! कॉम्प्युटरवर 'ऑफलाईन' दिसलं. आई बाकावर बसून राहिली. मला रडूच आलं. आज दाखला मिळाला नाही तर उद्या पुन्हा खाडा.

मी वही उघडून प्रिंटरपाशी गेले. पडद्यावर शेवटी ५ नव्हता, ७ होता! मी ओरडले, "गुरुजी, घर नंबर बदललाय!"

गुरुजी म्हणाले, "बरोबर. लाईट जाऊन आली की राऊटर कधी कधी नवा नंबर देतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच घरी कागद पाठवत बसतो." मग त्यांनी प्रिंटरमध्येच १९२.१६८.१.२०० असा कायमचा नंबर घातला. राऊटर २०० नंबर दुसऱ्या कुणाला देत नाही, हे आधी बघून घेतलं. कॉम्प्युटरच्या पोर्टमध्येही तोच लिहिला. दाखला छापून आला. आई दुपारच्या आत शेतावर परत गेली.

आता तो नंबर चिठ्ठीवर लिहून प्रिंटरला चिकटवला आहे. तर मित्रांनो, प्रिंटर 'ऑफलाईन' दिसला की लगेच बिघडला म्हणू नका. आधी त्याचा घर नंबर बघा!

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी