रोमचा बोलपट कसा पाहावा?

श्रोतेहो, आणि ही पुस्तिका वर्गात वाचून दाखविणाऱ्या गुरुजनहो,

भाऊबीज झाली की सडक अर्जुनीच्या आसपास मंडया भरू लागतात. धान घरात येते, शंकरपट ठरतात आणि रात्री नाटकाचा मंडप उभा राहतो. रात्रभर नाटक पाहून पहाटे घरी परतणाऱ्या माणसाला राजाच्या डोक्यावरचा मुकुट पुठ्ठ्याचा आहे हे पक्के ठाऊक असते. तरीही राजाने अन्याय केला की त्याचे रक्त उसळते. मुकुट खोटा, पण अन्यायाची चीड खरी. हा हिशेब झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला कोणी शिकवावा लागत नाही.

तोच प्रेक्षक रोमचा जुना बोलपट पाहू लागला म्हणजे मात्र हा हिशेब विसरतो. पूर्वी त्यासाठी शहरातल्या टॉकीजमध्ये जावे लागे. आज तो खाटेवर बसून मोबाइलवर दिसतो. उंच दगडी खांब, चिलखती शिपाई आणि हजारो माणसांची गर्दी पाहून वाटते, एवढे मोठे आहे त्या अर्थी खरेच असेल. मुले तर त्यालाच इतिहास समजून बसतात. म्हणून आज आपण रोमचा बोलपट कसा पाहावा, याविषयी थोडे बोलू.

आधी आपल्या देशातल्या बोलपटाचे उदाहरण घेऊ. १९५८ मध्ये बिमल रॉय यांचा ‘यहुदी’ आला. दिलीपकुमार रोमचा राजपुत्र, मीनाकुमारी यहुदी मुलगी आणि सोहराब मोदी तिचा बाप, एझ्रा जवाहिऱ्या. रोमचा अधिकारी एझ्राच्या मुलाचा जीव घेतो. पुढे त्याच अधिकाऱ्याची मुलगी एझ्राच्या घरात यहुदी म्हणून वाढते. राजपुत्र आपली ओळख लपवून तिच्यावर प्रेम करतो. भेद उघडा पडतो, तेव्हा ती भर दरबारात न्याय मागते.

आता गंमत पाहा. ही कथा मुळात प्राचीन रोमची नाहीच! १८३५ मध्ये पॅरिस येथे ‘ला ज्युईव्ह’, म्हणजे ‘यहुदी स्त्री’, हे संगीतनाटक रंगभूमीवर आले. त्याचे शब्द स्क्रीब यांचे व संगीत हालेवी यांचे. यहुदी सोनार, त्याने वाढविलेली परक्याची लेक आणि शेवटी उकळत्या कढईची शिक्षा, हे सगळे त्यात आहे. पण ते घडते १४१४ साली, युरोपातल्या कॉन्स्टन्स शहरात. रोमचे पश्चिमेकडील साम्राज्य त्याआधी नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच लयाला गेले होते. हीच कथा पुढे आगा हश्र काश्मिरी यांनी पारशी रंगभूमीसाठी उर्दूत लिहिली, तेव्हा ती रोममध्ये जाऊन बसली. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने तिचा बोलपट केला. त्यात कुंदनलाल सैगल होते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी ‘यहुदी’ आला.

मग हा बोलपट खोटा म्हणून टाकून द्यावा काय? मुळीच नाही. रोम लांबचे, तिथल्या बादशहाचा आज कोणी वारस नाही. त्यामुळे त्याच्या दरबारात उभे राहून एक प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो. सत्ताधाऱ्याच्या मुलाला आणि दुबळ्याच्या मुलीला न्याय एकच, की दोघांना वेगवेगळा? पोशाख रोमचा आहे, प्रश्न आपला आहे.

अमेरिकेच्या बोलपटांचेही असेच आहे. १९६० मध्ये ‘स्पार्टाकस’ आला. स्पार्टाकस हा खरा माणूस. इसवी सनापूर्वी ७३ मध्ये त्याने गुलामांचे बंड उभारले आणि दोन वर्षे रोमच्या फौजांना पळता भुई थोडी केली. बोलपटात त्याला शेवटी क्रुसावर चढवितात. प्राचीन इतिहासकार मात्र सांगतात की तो लढाईतच पडला व त्याचे प्रेतही सापडले नाही. पण धरलेल्या सहा हजार बंडखोरांना काप्वापासून रोमपर्यंत सडकेच्या कडेने क्रुसावर चढविले, हे इतिहासात नोंदलेले आहे. गोष्टीतला शेवट बदलला, सडकेवरचा कहर मात्र खरा.

याच बोलपटात रोमचे लोक कैद्यांना म्हणतात, तुमच्यातला स्पार्टाकस कोण ते दाखवा, जीव वाचेल. कोणी दाखवीत नाही. एकेक जण उठतो व मीच स्पार्टाकस म्हणतो. हे प्राचीन ग्रंथांत नाही. मग आले कोठून? पटकथा लिहिणारे डाल्टन ट्रंबो यांना १९४७ मध्ये अमेरिकेच्या लोकसभेच्या समितीपुढे बोलावले होते. तिच्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी दिली नाहीत म्हणून त्यांना तुरुंगात जावे लागले. सुटल्यावरही कित्येक वर्षे त्यांना खोट्या नावाने लिहावे लागले. त्या काळी अशा लोकांना आपल्या सोबत्यांची नावे सांगा, असे दटावले जात होते. हे कळले म्हणजे तो प्रसंग दुप्पट भिडतो.

आता ‘बेन-हर’. हा १९५९ चा बोलपट. त्यातली रथांची शर्यत आपल्या भागातल्या माणसाने जरूर पाहावी, कारण ती पाहायला शंकरपटाची नजर लागते. जोडी कशी जुंपली, धुरकऱ्याचा हात कोठे सैल पडला, हे आपल्याला झटकन कळते. खऱ्या रोममध्येही लोक या शर्यतींसाठी वेडे होत. तांबडा, पांढरा, हिरवा आणि निळा असे चार रंगांचे पक्ष असत. एका शर्यतीत सात फेऱ्या होत व त्या मोजण्यासाठी डॉल्फिनच्या आकृती लावलेल्या असत. रथ हाकणारे पुष्कळदा गुलाम असत. जयजयकार त्यांच्या नावाचा आणि मालकी दुसऱ्याची!

पण त्याच बोलपटात लढाऊ गलबताची वल्ही मारणारे साखळदंडांनी बांधलेले गुलाम दाखविले आहेत. रोमच्या आरमारात हे काम सामान्यतः स्वतंत्र माणसे करीत. रोमच्या बोलपटांत घोडेस्वाराच्या पायात रिकीब दिसली तर तीही चूक, कारण प्राचीन रोममध्ये रिकीब नव्हती. आणि मल्लाला मारा म्हणून अंगठा खाली करण्याची जी खूण आपण पाहतो, ती लोकांच्या मनात ठसविली १८७२ मधल्या जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या चित्राने.

दूरचित्रवाणीवरच्या मालिकांची तऱ्हा निराळी. १९७६ मध्ये बीबीसीने ‘आय, क्लॉडियस’ दाखविली. ती रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या कादंबऱ्यांवरून केली होती. सगळे चित्रीकरण स्टुडिओत झाले. अफाट फौजा नाहीत, रणांगण नाही. बंद दाराआडची माणसे बोलतात आणि साम्राज्य हादरते. नाटक पाहणाऱ्याला ही मालिका परकी वाटणार नाही. मात्र तिथेही सावध असावे. राणी लिव्हिया एकामागून एक विष घालते असे त्यात दिसते. जुन्या इतिहासकारांनी त्यातले पुष्कळसे केवळ लोकांचा संशय म्हणून लिहून ठेवले आहे.

आता कोणी म्हणेल, रोमशी आपला संबंध काय? संबंध आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या गावांची नावे आहेत. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई व पुढे समुद्रापार रवाना होई. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच धाटणीच्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. रोमचा कोणताही मोठा बोलपट काढून पाहा, त्यात बादशहा असतो, सेनापती असतो. त्या मालाने लादलेली बैलगाडी हाकणारा दख्खनचा गाडीवान काही दिसत नाही.

म्हणून गुरुजी, रोमचा बोलपट मुलांना दाखवा, भिऊ नका. मात्र संपल्यावर फळ्यावर तीन प्रश्न लिहा. यातले इतिहासाला धरून काय आहे? हा बोलपट केव्हा आणि कोणी काढला, तेव्हा त्यांच्या मनात काय खदखदत होते? आणि या एवढ्या गर्दीत कोणाची गोष्ट सांगायची राहून गेली? पहिल्या दोन उत्तरांसाठी पुस्तके उघडावी लागतील. तिसऱ्याचे उत्तर कदाचित शेवटच्या बाकावरचे पोरच देईल. त्याच्या घरी बैल आहेत, आणि ते हाकणाऱ्याचे नाव कोठे लिहिले जात नाही हे त्याला ठाऊक आहे.