मधल्या सुट्टीची शाळा

माटुंग्यात नाथालाल पारेख मार्गावर ऐन मधल्या सुट्टीत कुणी डॉन बॉस्को शाळेचा पत्ता विचारला, तर बोट दाखवायचे कष्ट पडत नाहीत. आवाजच पत्ता सांगतो. एका मैदानात एकाच वेळी चार-पाच खेळ चालू असतात, सगळ्यांचे चेंडू एकमेकांच्या डावात घुसतात आणि तरी कुठला चेंडू कुणाचा हे मुलांना बरोबर ठाऊक असतं. डबा तीन मिनिटांत संपवायचा नि उरलेल्या वेळात घामानं शर्ट पाठीला चिकटवायचा, हा मुलांच्या शाळेचा अलिखित नियम. तो काही एकट्या बॉस्कोचा नव्हे. बॉस्कोचा म्हणावा असा नियम दुसराच आहे: सुट्टीत फादरनं मैदानात असायचं.

आमच्या शाळेत, तिचं नाव कशाला घ्या, हेडमास्तर मैदानात उतरले की पोरं भिंतीकडे सरकायची. ते एकटे येत नसत, हातात रूळ असे. मुलांमध्ये मास्तर म्हणजे पोलीस, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. त्यामुळे बॉस्को शाळा चालवणाऱ्या सालेशियन संघाचे फादर मैदानात नुसते उभे राहतात, मुलांशी गप्पा मारतात, प्रसंगी खेळतातही, आणि हे त्यांच्या कामातच मोडतं, हे कळलं तेव्हा मला आधी त्यांचा हेवा वाटला, मग आमचा राग आला.

या कामाची सुरुवात झाली इटलीत, तुरीन शहरात. तारीख ८ डिसेंबर १८४१. जॉन बॉस्को हा तरुण पाद्री, ज्याचं नाव शाळेला आहे तो, मिस्सा या उपासनेसाठी तयार होत होता. तेवढ्यात चर्चच्या सेवकानं एका पोराला झोडपून बाहेर हाकललं. गुन्हा काय, तर त्याला मिस्साची सेवा करता येत नव्हती. बॉस्कोनं पोराला परत बोलावलं. बार्तोलोमेओ गारेल्ली त्याचं नाव. वय सोळा, आई-बाप नाहीत, गवंडीकाम करणारा. लिहिता येतं? नाही. वाचता येतं? नाही. गाता येतं? नाही. मग शीळ वाजवता येते का, असं विचारल्यावर पोरगं हसलं. त्या हसण्यापासून आपलं काम सुरू झालं, असं सालेशियन मानतात.

बॉस्को स्वतः जेमतेम दोन वर्षांचा असताना त्याचे वडील गेलेले. लहानपणी गावात दोरीवरून चालून, हातचलाखीचे खेळ करून तो पोरं जमवायचा आणि वर प्रार्थनाही म्हणवून घ्यायचा. म्हणजे डोंबाऱ्याचा खेळ आणि कीर्तन एकाच अंगणात. मोठेपणी त्यानं छडीला रजा दिली आणि तीन गोष्टींवर शाळा उभी केली: समज, धर्म आणि तिसरा एक इटालियन शब्द, ‘आमोरेवोलेझ्झा’. त्याची भाषांतरं पुष्कळ होतात. मी सरळ ‘माया’ म्हणेन. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक होईल तिथे आधीच हजर राहायचं, हे त्या पद्धतीचं मर्म. आपल्याकडे अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः आवरणारे साने गुरुजी आठवावेत. दोघांची कधी गाठ पडणं शक्य नव्हतं, पण एकमेकांची भाषा त्यांना कळली असती.

मैदानाचं महत्त्व बॉस्कोनं १० मे १८८४ च्या एका पत्रात लिहून ठेवलं आहे. रोमहून आपल्या माणसांना लिहिलेल्या या पत्रात एक स्वप्न आहे. जुने दोन विद्यार्थी त्याला शाळेचं मैदान दोनदा दाखवतात. एकदा पूर्वीचं: सगळे धावताहेत, पाद्रीही मुलांत मिसळलेले. मग पत्राच्या काळातलं: मुलं खांबांना टेकून कंटाळलेली, आणि शिक्षक आपापसांत बोलण्यात गर्क. पत्राचा रोख असा की मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते मुलांना जाणवावं लागतं, आणि ते वर्गापेक्षा मैदानात लवकर जाणवतं. शिक्षणशास्त्राची जाडजूड पुस्तकं मी चाळली आहेत; मधल्या सुट्टीवर इतका विचार केलेला माणूस त्यांत सहसा भेटला नाही.

सालेशियन भारतात आले १९०६ मध्ये, तंजावरला. मुंबईत १९२८ साली ताडदेवला आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला माटुंग्याला. माटुंग्याच्या कामामागे फादर ऑरेलियस मास्किओ हे इटालियन गृहस्थ होते. पत्रं लिहून देणग्या उभ्या करण्यात त्यांचा हातखंडा. शाळेच्या आवारातलं मरियेचं तीर्थमंदिर १९५७ चं. तिथे मेणबत्ती लावायला येणारे सगळे ख्रिस्ती असतात असं नाही, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. वर्गातही तीच तऱ्हा. शाळा कॅथलिक, पण हजेरीपटावर शहा, अय्यर, कुलकर्णी, डिसोझा शेजारी-शेजारी. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला, बसतात तेव्हा बाकीच्यांचा मॉरल सायन्सचा तास. बहिणींसाठी वडाळ्याचं ऑग्झिलियम कॉन्व्हेंट आहे, तेही बॉस्कोच्याच प्रेरणेतून निघालेल्या सिस्टरांचं. मुलगे इकडे, मुली तिकडे, ही वाटणी आता जुनी वाटते. मला तरी वाटते.

बॉस्कोच्या मैदानाचं सगळ्यात गाजलेलं पीक म्हणजे क्रिकेटपटू रवी शास्त्री. १९७६ साली शालेय क्रिकेटच्या जाइल्स शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बॉस्को सेंट मेरीजकडून हरली. सेंट मेरीज म्हणजे माझगावची, तीही कॅथलिक आणि मुलांचीच, पण जेझुइट या दुसऱ्या संघाच्या फादरांची; तेव्हा हा घरातलाच भांडणतंटा. पुढच्या वर्षी शास्त्री कर्णधार आणि १९७७ ची ढाल बॉस्कोकडे, शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. त्या काळात त्याला घडवणारे प्रशिक्षक बी. डी. देसाई, दादर युनियनकडून खेळलेले. म्हणजे फादरांच्या मैदानात दादरची खडूस क्रिकेटविद्या. याहून मुंबईचं मिश्रण ते काय!

मैदानाबाहेरही बॉस्को शाळेची एक खूण आहे: सकाळी प्रार्थनेच्या वेळी जे दोन-तीन मिनिटांचं बोलणं होतं, त्याचा उगम एका स्वयंपाकघरात आहे. तुरीनमध्ये बॉस्को आणि त्याची आई मार्गेरिता यांनी काही बेघर पोरांना गवताच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, वर पांघरुणंही दिली. सकाळी पोरं गायब, पांघरुणंही गायब. तरी मे १८४७ मधल्या एका पावसाळी रात्री चिंब भिजलेला आणखी एक पोरगा दारात आला. आईनं विटा आणि फळ्या मांडून स्वयंपाकघरात त्याचं अंथरूण केलं, झोपण्याआधी कष्ट आणि प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द सांगितले आणि बाहेर पडून दाराला कुलूप घातलं. भांड्यांची काळजी होतीच! माया आणि कुलूप एकाच हातात. ही बाई मला फार आपली वाटते. तिचे ते चार शब्द सालेशियन घरांत रात्रीची ‘गुड नाइट’ झाले आणि दिवसाच्या शाळेत ‘गुड मॉर्निंग’.

आता शाळेच्या वर्षातल्या सणांविषयी. कॅथलिक शाळेत दोन पंचांगं चालतात, एक चर्चचं आणि एक एसएससी बोर्डाचं, आणि दोघांचं नेहमी जमतंच असं नाही. मरियेचा २४ मेचा मोठा सण सालेशियनांना जिव्हाळ्याचा. पण तेव्हा पोरं गावी आंबे खात असतात. १५ ऑगस्टला मात्र दुहेरी योग: झेंडावंदन आणि मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण. लगेच १६ ला बॉस्कोचा जन्मदिवस. मग सहामाही, दिवाळी, नाताळचा गोठा. आणि नाताळची सुट्टी संपली की जानेवारी, बॉस्को शाळांचा खरा हंगाम. २४ तारखेला संत फ्रान्सिस द सेल्स, ज्याच्या नावावरून ‘सालेशियन’. २६ ला प्रजासत्ताक दिन. त्यातच नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना आणि ३१ जानेवारीला बॉस्कोचा सण. १८८८ साली याच दिवशी बॉस्को गेला. पुण्यतिथीला मुलांनी खेळायचं नि गोडधोड खायचं, हे त्याला नक्की पटलं असतं.

या सणाच्या दिवशी दहावीच्या मुलांकडे जरा नीट पाहावं. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चवर येऊन ठेपलेली असते, घरी आईनं टीव्हीची केबल काढून ठेवलेली असते, क्लासवाल्यांच्या सराव परीक्षांचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलेलं असतं. शाळेच्या मैदानावर हक्कानं खेळायचे हे शेवटचे तास. म्हणून त्या दिवशी डाव संपता संपत नाही, बाद झालेला पोरगा पंचाशी उगाच हुज्जत घालतो. फेब्रुवारी उजाडतो, आणि त्यांच्या खेळपट्टीवर नववीवाले बॅट टेकवून उभे असतात.