किंग्ज लिन : भरतीच्या वेळेवर चाललेले व्यापारी नगर

उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या मुलांना भेटावयास जाणारी आपली कुटुंबे बहुधा लंडन व केंब्रिज पाहून परततात. लंडनहून केंब्रिजमार्गे जाणाऱ्या लोहमार्गाच्या अखेरच्या स्थानकावर किंग्ज लिन हे छोटेसे बंदर आहे. लंडनपासून दोन तासांच्या आत तेथे पोहोचता येते. व्यापारी घराण्यातील प्रवाशाने तरी ते चुकवू नये.

ग्रेट ऊझ नदी सागराला मिळते, त्या मुखाजवळ हे नगर वसले आहे. इ. स. १२०४ मध्ये राजा जॉनने त्यास सनद दिली. तेव्हा ते धर्माधिकाऱ्याच्या नावाने 'बिशप्स लिन' म्हणून ओळखले जाई. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३७ मध्ये, ते 'किंग्ज लिन' झाले. आठवड्याचे दोन बाजार भरत, म्हणून नगरात दोन चौक आहेत. एकाचे नाव मंगळवार बाजार, दुसऱ्याचे शनिवार बाजार. आपल्या पेठांची नावे आठवल्यावाचून राहत नाहीत.

येथील सर्वांत बोलकी वास्तू म्हणजे 'हान्झा हाऊस'. उत्तर जर्मनी व बाल्टिक किनाऱ्यावरील व्यापारी नगरांचा 'हान्झा' हा प्रबळ संघ होता. त्याचा इंग्लंडशी संघर्ष पेटला आणि जहाजे धरण्यापर्यंत मजल गेली. अखेर १४७४ मध्ये उट्रेख्ट येथे तह झाला. त्यान्वये संघास लिनमध्ये जागा मिळाली आणि १४७५ च्या सुमारास ही वखार उभी राहिली. लाकूड, मेण, डांबर व लोकरीची घासाघीस जेथे चाले, ती वास्तू आजही शाबूत आहे. संघाने ती १७५१ मध्ये विकली.

श्रीमंत व्यापाऱ्यांची घरे रस्त्याकडे दर्शनी आणि मागे थेट नदीपर्यंत पसरलेली असत. राहते घर, कचेरी व कोठारे एकाच आवारात. 'क्लिफ्टन हाऊस' या घराला पाच मजली मनोरा आहे. त्याच्या माथ्यावरून नदीतून येणारी जहाजे दिसत.

पवित्र त्रिमूर्तीच्या नावाचे व्यापारी मंडळ सभासदांना कर्ज देई, तसेच गरिबांना साहाय्य करी. त्याचे पंधराव्या शतकातील सभागृह दर्शनी भागी बुद्धिबळाच्या पटासारखे काळ्या-पांढऱ्या चौकटींचे आहे. समोरच सेंट मार्गारेट चर्च आहे. तेथील भरतीदर्शक घड्याळ मूळ १६८३ मधील. त्यावर आकड्यांऐवजी 'लिन हाय टाइड' या शब्दांची बारा इंग्रजी अक्षरे आहेत. आज पूर्ण भरती केव्हा, हे व्यापाऱ्यास रस्त्यातूनच कळे. याच वर्षी हेन्री बेल या वास्तुरचनाकाराने नदीकाठी व्यापाऱ्यांच्या सौदागृहाची देखणी इमारत बांधली. पुढे तेथे जकात कचेरी आली.

मात्र या नगराच्या खतावणीत नावेची बाजूही आहे. अनेकदा महापौर झालेल्या एका व्यापाऱ्याची कन्या मार्जरी केंप हिने मद्य गाळण्याचा व नंतर पिठाच्या गिरणीचा धंदा केला. दोन्ही बुडाले. पुढे तिने सांगून लिहवून घेतलेले आत्मवृत्त इंग्रजीतील पहिले आत्मचरित्र मानले जाते. येथून देवमासे मारण्यासाठी जहाजे ग्रीनलंडकडे जात आणि त्यांची चरबी नदीकाठी कढवली जाई. तो नफा कशाच्या मोलाने आला, याचा विचार अहिंसेचे संस्कार असलेल्या प्रवाशास अस्वस्थ करतो.

१८४६ मध्ये रेल्वे आली आणि नदीमार्गे आत जाणाऱ्या मालाची वाहतूक तिने हिरावून घेतली. जुन्या घाटांवरील गजबज ओसरली. तरी नगर हातपाय गाळून बसले नाही. १८६९ व १८८३ मध्ये नव्या गोद्या बांधल्या गेल्या आणि त्यांतून आजही मालाची चढउतार होते. चर्चच्या पश्चिम दारापाशी महापुरांच्या पातळीच्या खुणा कोरलेल्या आहेत. १९५३ ची खूण पाहताना उंचीचा अंदाज येतो आणि मन थबकते.

बाजार बदलतो, मार्ग बदलतात. कालची पेठ उद्या ओस पडू शकते. हान्झाशी झालेला तो करार मात्र पाच शतकांहून अधिक काळ विटांच्या रूपाने उभा आहे. नव्या पिढीला घेऊन ही वखार पाहावी. व्यवहारात कलह मिटवणे हीही पुंजीच असते, हे तेथे न सांगता कळते.