घरटॅक्स आम्ही भरतो, मग चोर का सापडत नाही?

धरमपेठेत घरफोडी झाली की दोन दिवसांत लक्ष्मीभुवन चौकातल्या चहाच्या टपरीवर निकाल लागलेला असतो. पोलिसांकडे पैसा नाही, माणसं नाहीत, आहेत ती साहेबांच्या बंगल्यावर, आणि तपास म्हणजे नुसती कागदं रंगवणं. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे. म्हणूनच त्यातलं खोटं वेगळं काढायला जड जातं.

सुरुवात टॅक्सपासून करू, कारण राग तिथूनच सुरू होतो. महापालिकेच्या धरमपेठ झोनमध्ये आपण घरटॅक्स भरतो, पण त्यातून एकाही शिपायाचा पगार निघत नाही. पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे दिलेला आहे. नागपूरच्या पोलीस आयुक्तालयाचा खर्च मुंबईच्या गृह विभागातून येतो आणि त्याला मंजुरी विधिमंडळ देतं. केंद्राकडून आधुनिकीकरणासाठी अनुदान मिळतं, महाराष्ट्रासारख्या राज्यांना साधारण ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे या हिशेबानं, पण ते यंत्रणा आणि साधनसामग्रीसाठी असतं. पोलिसांचा निधी कापा किंवा वाढवा हे अमेरिकेतले वाद आपण मोबाइलवर पाहतो. तिथं शहरांची नगरपरिषदच पोलिसांचं बजेट ठरवते, म्हणून तिथला मतदार त्याच्या नगरसेवकाला जाब विचारू शकतो. आपल्या नगरसेवकाकडे पोलीस वाढवून मागणं म्हणजे पोस्टमनकडे विजेच्या बिलाची तक्रार करण्यासारखं आहे. आमदाराला मात्र विचारता येतं, आणि १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळ वर्षातून एकदा आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच भरतं.

आणखी एक छोटी गोष्ट. धरमपेठ नावाचा महापालिकेचा झोन आहे, पण धरमपेठ नावाचं पोलीस ठाणं नाही. इथली हद्द सीताबर्डी आणि अंबाझरी ठाण्यांत वाटली गेली आहे. हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवत असेल तर तेही आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते.

आता माणसांचा प्रश्न. लाखामागे २२२ पोलीस हवेत असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय, हे वाक्य भाषणांत आणि अग्रलेखांत इतक्यांदा आलंय की ते खरंच वाटतं. संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या देशांसाठी असा कुठलाही आकडा बांधून दिलेला नाही. आपल्या देशात राज्य पोलिसांची मंजूर पदं लाखामागे दोनशेच्या थोडी खाली आणि प्रत्यक्षात भरलेली दीडशेच्या आसपास आहेत, आणि तेवढी तूट पुरेशी गंभीर आहे. ती दाखवायला परदेशी मापाची गरज नाही.

भरतीनं ही तूट भरते का? संख्या भरते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात पोलिसांच्या १७,४७१ जागांची भरती निघाली. पण मैदानावर धावून निवडलेला शिपाई प्रशिक्षण संपवून आला तरी घरफोडीचा तपास त्याच्या हाती येत नाही. तपास हवालदारापासून वर, मुख्यतः उपनिरीक्षक आणि त्यावरचे अधिकारी करतात. हे ओळखूनच राज्यानं २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द केलं आणि हवालदार व सहायक उपनिरीक्षकांची पदं वाढवली, म्हणजे तपास करू शकणारे हात वाढावेत. या निर्णयाची फारशी चर्चा झाली नाही. माझ्या मते तो एखाद्या मोठ्या भरतीइतका महत्त्वाचा होता.

सायबर गुन्ह्यांत तर कायद्यानंच दार अरुंद केलंय. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. एका ठाण्यात निरीक्षक असतात किती? त्यांतला एक खुद्द ठाणेदार. आणि गुन्हे रोजचे. शंकरनगरातल्या निवृत्त माणसाच्या खात्यातून गेलेले पैसे अर्ध्या तासात तीन राज्यांतल्या भाड्याच्या खात्यांतून फिरून निघतात. म्हणून इथं ठाण्यात जाण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करणं जास्त मोलाचं. बँकेला रक्कम गोठवायला मिळणारा वेळ तासांत मोजायचा असतो.

साहेबांच्या घराचं काय? मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं नागपुरातलं घर धरमपेठेतच, आणि गृहखातंही त्यांच्याकडेच. त्यामुळे इथं पोलिसांचा सुकाळ असणार, असं बाकीच्या नागपूरला वाटतं. पोलीस दिसतात हे खरं, पण दिसणारा पोलीस आणि तपास करणारा पोलीस यांत फरक आहे. सुरक्षेच्या पॉइंटवर उभा असलेला जवान शेजारच्या गल्लीतल्या चोरीची केस डायरी लिहीत नसतो.

माझ्या मते खरी गळती बंदोबस्तात आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, मोर्चे, धरणी. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर. त्याआधी पोळ्याच्या पाडव्याला मारबत, मग गणपती. जामठ्याला क्रिकेटचा सामना असला की वर्धा रोडवर फौज. निवडणुका वेगळ्याच. यातलं काहीही फालतू नाही. दीक्षाभूमीचा बंदोबस्त कमी करा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण त्या दिवशी पॉइंटवर उभा असलेला उपनिरीक्षक तोच असतो ज्याच्या टेबलावर तुमच्या घरफोडीची फाइल आहे. दुसऱ्या दिवशी त्याची कोर्टात साक्ष, तिसऱ्या दिवशी रात्रपाळी. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांच्या २०१९ च्या अहवालात देशातल्या पोलिसांची सरासरी ड्युटी १४ तासांची निघाली होती. १४ तास काम करूनही तपासाला तास उरत नाहीत, ही गंमत नव्हे, व्यवस्थेची रचना आहे.

ही रचना बदला, असं सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात सांगून ठेवलं आहे. कायदा-सुव्यवस्थेचे पोलीस वेगळे, तपासाचे वेगळे. सुरुवात दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांपासून. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाख होती. म्हणजे आपलं शहर पहिल्या रांगेतलं. गुन्हे शाखा आहे, ठाण्याठाण्यांत गुन्हे शोधणारी डीबी पथकं आहेत, पण रोजच्या गुन्ह्यांचा तपास आणि बंदोबस्त आजही त्याच अधिकाऱ्यांच्या खांद्यावर आहेत. पैशाच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर टपरीवर कोणी बोलत नाही.

बोलतात ते कॅमेऱ्यांवर. स्मार्ट सिटीच्या वेळी नागपुरात सुमारे ७०० ठिकाणी साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे लागले; कॉफी हाऊस चौकात मान वर केली की दिसतातच. पण कॅमेरा पुरावा आयता देत नाही. कोणीतरी बसून तासन्‌तासांचं चित्रीकरण पाहावं लागतं, एका चौकातली दुचाकी पुढच्या चौकात शोधावी लागते, नंबरप्लेट खोटी निघाली तर पुन्हा पहिल्यापासून. दुकानाच्या डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते आधी गाठावं लागतं. मग भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नाहीतर कोर्टात वाद. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं झालंय. या सुधारणा चांगल्याच आहेत, पण प्रत्येकीनं तपास अधिकाऱ्याचा वेळ खाल्ला आहे.

प्रयोगशाळेबद्दलचा गैरसमज ‘सीआयडी’ मालिकेनं घट्ट केला. तिथं अहवाल जाहिरातीच्या आत येतो. नागपूरची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांचे नमुने तपासते, आणि नमुने रांगेतच लागतात. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी तज्ज्ञानं जायलाच हवं असं आता संहितेचं कलम १७६ म्हणतं. घरात शिरून केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा असल्यानं ती यात येते. मात्र ही सक्ती अंमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे, कारण तेवढी माणसंच तयार नव्हती. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या नागपूर परिसराची पायाभरणी मे २०२५ मध्ये कामठीजवळ चिंचोलीत झाली ती याच तुटीमुळे. आणि आपल्याबद्दलही बोलायला हवं: घर फुटलं की पंचनाम्याआधी अख्खा मजला कपाट उघडून बघून जातो. मग ठसे कोणाचे घ्यायचे?

गुन्ह्यांचे आकडे वाढले म्हणजे शहर बिघडलं, हाही असाच एक समज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच बजावतो की नोंदी वाढणं आणि गुन्हेगारी वाढणं एक नव्हे. दखलपात्र गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये ठरलं. तरी ‘अर्ज देऊन जा, चौकशी करतो’ हे वाक्य ऐकू येतंच. आकडा कमी दिसावा यासाठी गुन्हा न नोंदवणारं ठाणं कागदावर शांत असतं. मात्र पाच हजारांखालच्या साध्या चोरीला ‘एनसी’ (अदखलपात्र नोंद) दिली तर ती चालढकल समजू नका. नव्या कायद्यात ती अदखलपात्रच आहे.

पैसा ओतला की गुन्हे उकलतात असं असतं तर अमेरिकेत चोर उरले नसते. एफबीआयच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये तिथं घरफोडीचे जेमतेम १४ टक्के गुन्हे उलगडले, खुनाचे ६१ टक्के. खुनात नातं, वैर, साक्षीदार असा काही धागा असतो. घरफोडीत चोर आणि घरमालक एकमेकांना ओळखत नाहीत. त्यामुळे ‘खून उकलतो, मग माझे दागिने का नाही’ हा प्रश्न पोलिसांच्या हेतूपेक्षा गुन्ह्याच्या स्वरूपाचा आहे.

आणि चोर सापडला, त्यानं कबूलही केलं, म्हणजे संपलं? पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. त्याच्या सांगण्यावरून माल मिळाला तर तेवढाच भाग चालतो. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्रात दोषसिद्धीचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होतं. पुढे ते बरंच सुधारलं, पण पकडणं आणि सिद्ध करणं यांतलं अंतर संपलेलं नाही. नागपूरनं ते सगळ्यात उघड पाहिलंय. १३ ऑगस्ट २००४ ला जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, दिवसाढवळ्या, जमावानं कस्तुरबानगरच्या अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. त्याच्याविरुद्धच्या तक्रारींकडे पोलिसांनी वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं, असं वस्तीचं म्हणणं होतं. खून न्यायालयात झाला, आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

उरली ती न सापडलेल्या चोरांची प्रकरणं. महाराष्ट्रात अशा फाइलवर ‘ए समरी’ मागतात: गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. ती म्हणजे तक्रार खोटी ठरली असं नव्हे. खोट्या तक्रारीसाठी ‘बी समरी’ असते. ए समरीनंतर धागा मिळाला तर तपास पुन्हा सुरू होऊ शकतो.

तेव्हा धरमपेठकरांनो, टपरीवरचा निकाल ऐकून गप्प बसू नका. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घ्या आणि तपास अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेवा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. नाही कळवलं तर लेखी मागा. गुन्हाच नोंदवला नाही तर पोलीस उपायुक्तांना लेखी कळवा, तिथंही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आणि फाइल बंद करायची वेळ आलीच तर दंडाधिकाऱ्यांपुढे तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच तुम्हाला दिलेला आहे.