संगणकाची आज्ञावली : चलाची व्याप्ती व परतमूल्य

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात आज्ञावली-लेखनाचा परिचय करून द्यावा, असे सुचविले आहे. हा विषय शिकताना मुले दोन ठिकाणी हमखास अडखळतात. शिक्षकास त्याचे कारण ठाऊक नसेल, तर नीट विचार करणाऱ्या मुलालाही ‘चूक’ असा शेरा मिळतो आणि त्याचा हुरूप मावळतो. म्हणून या दोन्ही गोष्टी आपण प्रथम समजून घ्याव्यात.

ठरावीक काम करणाऱ्या आज्ञांच्या समूहास नाव दिले की त्यास फलन म्हणतात. उदाहरणार्थ, ‘क्षेत्रफळ’ या फलनास लांबी ६ व रुंदी ४ दिली, तर त्याने २४ हे उत्तर काढावे.

पहिली अडचण व्याप्तीची. समजा, फलनाबाहेर ‘उत्तर’ या चलाचे मूल्य १० आहे. फलनातही ‘उत्तर’ याच नावाच्या चलात २४ ठेवले. काम संपल्यावर बाहेरचे ‘उत्तर’ किती? मुले २४ म्हणतात. ते १०च असते. पायथन भाषेत फलनाच्या आत ज्या नावास मूल्य दिले जाते, ते नाव, वेगळी सूचना नसल्यास, त्या फलनापुरतेच असते. येथे मुंबईच्या घड्याळांचा दाखला द्यावा. १९०६ साली देशात प्रमाणवेळ सुरू झाली. तथापि मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत पाळली जात असे. ‘किती वाजले?’ हा प्रश्न एकच. परंतु शहरात त्याचे उत्तर निराळे आणि बाहेर निराळे. शहरातील घड्याळ फिरविल्याने देशाची वेळ बदलत नसे.

दुसरी अडचण परतमूल्याची. उत्तर पडद्यावर दाखविणे आणि ते परत देणे, या भिन्न क्रिया होत. फलनाने २४ नुसते ‘प्रिंट’ केले, तर ते डोळ्यांना दिसते. पण त्याची दुप्पट करावयास सांगताच यंत्र अडते, कारण त्याच्या हाती काहीच आलेले नसते. ‘रिटर्न’ या आज्ञेने मूल्य परत दिले, तरच पुढील आज्ञेस ४८ काढता येतात.

वर्गात पुढील प्रयोग करावा. संगणकाची गरज नाही. एका विद्यार्थ्यास पाटी देऊन दाराआड बसवावे. दुसऱ्याने त्यास ‘६, ४’ अशी चिठ्ठी द्यावी. पहिल्या खेपेस दाराआडच्या मुलाने गुणाकार करून उत्तर फक्त मोठ्याने उच्चारावे व पाटी पुसावी. दुसऱ्या खेपेस उत्तर चिठ्ठीवर लिहून परत द्यावे. प्रत्येक खेपेस तिसऱ्या विद्यार्थ्याने केवळ हाती आलेल्या चिठ्ठीवरील संख्येची दुप्पट करावी. पहिल्या खेपेस तो रिकाम्या हाताने उभा राहील. पुसलेली पाटी म्हणजे स्थानिक चल आणि परत आलेली चिठ्ठी म्हणजे परतमूल्य, हे मुलांना न सांगताही उमगेल.

यापुढे एखाद्याचे उत्तर अडले, तर लागलीच लाल शाई वापरू नये. ‘बाळ, तू उत्तर नुसते दाखविलेस की हाती दिलेस?’ एवढेच विचारावे. पुष्कळदा चूक मुलासच सापडते, आणि स्वतः शोधलेली चूक तो सहसा विसरत नाही.